मानधन नव्हे, पगार

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे पदाधिकारी आणि मंडळी,

विषय दिलाय ‘शिक्षकांचा संप आणि आपण’. त्यावर येतोच. पण आधी एका शब्दाबद्दल बोलू द्या. मानधन. पाहुण्या व्याख्यात्याला, कविसंमेलनातल्या कवीला आपण मानधन देतो. घर चालायला त्याचं दुसरं काही असेल, असं धरून देतो. 2000 साली राज्यानं शिक्षणसेवक योजना आणली आणि डी. एड. करून दिवसभर वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाला पहिली तीन वर्षं याच शब्दावर ठेवलं. प्राथमिकला महिना 3000 रुपये.

2006च्या जूनमध्ये आमच्या द्विशिक्षकी शाळेवर असाच एक मुलगा रुजू झाला. घर चार जिल्हे पलीकडे. पहिल्या दिवसापासून गाव त्याला गुरुजी म्हणू लागलं. त्याची टाचणवही एकदा माझ्या हाती आली. पुढून उघडली तर ‘इयत्ता तिसरी, मराठी, जोडाक्षरे’, अक्षर मोत्यासारखं. मागून उघडली तर हिशेब: खोली 400, रॉकेल, एसटी, घरी मनीऑर्डर 1000. आणि जवळजवळ प्रत्येक पानावर ‘किराणा, उधार’, कारण ते 3000सुद्धा दोन-दोन, तीन-तीन महिने यायचे नाहीत.

किराणा दुकानदाराची मुलगी त्याच्याच वर्गात. म्हणून हा दुकानावरून न जाता मागच्या ओढ्यातून शाळेत यायचा. पावसाळ्यातसुद्धा. पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा तोच, गावातले मतदार मोजायचे ते त्यानंच. एके दिवशी भागाकार चालू असताना ती मुलगी उभी राहिली. “गुरुजी, बाबांनी विचारलंय, पैसे कधी देताय?” लेकराचा काही दोष नाही, घरून सांगितलं तेच तिनं सांगितलं. आमच्या दोन वर्गांमध्ये फळ्यांचं पार्टिशन होतं, मला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, “सांग, पुढच्या आठवड्यात.” मग फळ्याकडे तोंड करून उरलेली सगळी गणितं त्यानं स्वतःच सोडवली. घंटा होईपर्यंत वर्गाकडे वळला नाही.

त्या शब्दातला मान कुठे असतो, ते मी तेव्हापासून शोधतोय. 3000चे पुढे 6000 झाले, आणि 16,000 व्हायला 2023 उजाडलं. सेवक म्हटलं, मानधन म्हटलं, की कमी द्यायला मोकळीक मिळते. पगार म्हटलं की त्याला श्रेणी लागते, महागाई भत्ता लागतो, तारीख लागते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं राहिलीत. तेव्हा संपाचं भराभर सांगतो.

14 मार्च 2023ला राज्यातले सरकारी-निमसरकारी कर्मचारी संपावर गेले, त्यात शिक्षक होते. मागणी जुन्या पेन्शनची. 1 नोव्हेंबर 2005पासून लागलेल्यांना ती नव्हती. जुनीत शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम ठरलेली असायची. नवीत तेव्हा दरमहा पगाराचे 10 टक्के कापून बाजारात गुंतवायचे, आणि हाती काय येणार ते बाजार ठरवणार होता. आमचा तो गुरुजी 2006चा. म्हणजे उमेदीत तीन वर्षं 3000वर काढली आणि म्हातारपणही अधांतरी होतं. सरकारनं समिती नेमली, 20 तारखेला संप मिटला. तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती आणि लोक विचारत होते, मुलांचं काय? प्रश्न रास्त आहे. मी स्वतः पालक आहे. पण मुलांचं नुकसान त्या सात दिवसांत मोजायचं आणि गुरुजी ओढ्यातून येतो ती तीन वर्षं मोजायचीच नाहीत, हे मला पटत नाही. पुढच्याच वर्षी, 2024मध्ये, कमी पटाच्या शाळांवर 15,000 मानधनावर कंत्राटी शिक्षक नेमायचं ठरलं. शिक्षक रस्त्यावर उतरले. शब्द तोच होता, बघा.

आणि या लोकांबरोबर कुणी उभं राहायचं, तर आपण. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आहेत. ठराव करायला परवानगी लागत नाही: आमच्या शाळेला कायम शिक्षक हवा, पहिल्या महिन्यापासून पूर्ण वेतनश्रेणीवर. संप झाला तर तो ठराव घेऊन पालकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं, शिक्षकांच्या पुढे चालत.

ठरावाचा मसुदा लिहून आणला आहे. दाराजवळच्या टेबलावर पन्नास प्रती आहेत. समितीवर असाल तर दोन न्या, एक शेजारच्या गावाला द्या.