भर दुपारी वाचनालय उघडं पाहिजे

(नागपुरात ग्रंथालय कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. तो कूलर जरा मागच्या रांगेकडे फिरवा, ताई पदराने वारा घेऊन राहिल्या. हां, झालं.

पत्रिकेत माझ्या नावापुढे 'उन्हाळी उपक्रम आणि कामकाजाचं नियोजन' असं छापलंय. नियोजनावर मी येणारच आहे, पण आधी एक गोष्ट बोलून घेतो, कारण ती बोलायलाच मी तालुक्याहून इथवर आलो. आपली वाचनालयं मे महिन्यात भर दुपारी बंद असतात. सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ, मधे कुलूप. आणि पोट्ट्यांना वेळच वेळ असतो तो नेमका ह्याच तासांत. बाहेर लू सुरू, आई म्हणते झोप, झोप काही येत नाही, मग मोबाईल, मग मोबाईलवरून भांडण. आपल्या विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, म्हणजे ह्या दुपारी आपल्याकडे जास्तच. आणि आपण त्या काळात पुस्तकं कुलपात ठेवतो.

ऊन काय असतं ते मी नागपूरकरांना सांगायची गरज नाही. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ वर गेला होता, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, म्हटलं की अजून लोक ते साल काढतात. उन्हाळ्याच्या दुपारी इथले काही सिग्नल बंद ठेवतात, का तर गाडीवाल्याला उन्हात उभं राहावं लागू नये. एवढा विचार आपण चौकात करतो, बरं का. रंगनाथनांनी १९३१ ला ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलं, ग्रंथ उपयोगासाठी आहेत, तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, परीक्षेला लिहिलंय. पण त्या एका सूत्राखाली त्यांनी इमारत कुठे असावी, फर्निचर कसं असावं, उघडं कधी असावं हे सगळं घेतलंय. वेळ हा पहिल्या सूत्रातलाच विषय आहे, तो शिपायाच्या सोयीचा विषय नाही. शिपायावर माझा राग नाही, त्याला जे मानधन मिळतं त्यात तो दोन वेळा येतो हेच खूप आहे, त्याच्यावर नंतर बोलतो.

तर आमच्याकडे काय झालं. कार्यकारिणीत मी दुपारचा विषय काढला तर पहिला प्रश्न लाईट बिलाचा. दुसरा, पोरं पुस्तकं फाडतील. तिसरा प्रश्न आमच्या एका जुन्या सभासद काकूंनी विचारला आणि तोच खरा होता, की बारा वाजता लेकरांना उन्हात बोलावणार का तुम्ही? मी म्हटलं नाही काकू, अकराच्या आत यायचं आणि पाचच्या नंतर जायचं. डबा घेऊन या. मधे कोणी बाहेर पडायचं नाही. काकूंनी हो म्हटलं आणि ठराव झाला, काकूंच्या शब्दाला आमच्याकडे वजन आहे.

पहिल्या दिवसांत पोरं पुस्तकाजवळ गेलीच नाहीत. कूलरसमोर बसली. एका पोरीच्या फ्रॉकच्या खिशात आजीने कांदा ठेवलेला, लू लागू नये म्हणून, सगळ्या वाचनकक्षात त्याचा वास. ती उठून माझ्याकडे आली आणि म्हणे, "काका, यात बर्फ नाही काही नाही, नुसतं पाणी आहे, मंग हवा थंडी काहून येते?" मला वाटलं सांगून टाकावं, बाष्पीभवन वगैरे. पण म्हटलं थांब. हायस्कूलच्या सायन्सच्या सरांकडून दोन थर्मामीटर मागून आणले. ताप पाहायचं चालत नाही बरं का, ते बेचाळीसच्या वर जातच नाही आणि झटकल्याशिवाय उतरत नाही. एक तसंच ठेवलं, दुसऱ्याच्या टोकाला धोतराची ओली चिंधी गुंडाळली, दोन्ही व्हरांड्यात सावलीत टांगली आणि पोरांना म्हटलं पुठ्ठ्याने वारा घाला. कोरडं बेचाळीस दाखवतंय आणि ओलं उतरत उतरत तेवीसवर येऊन थांबलं. एका पोराने चिंधी काढून वास घेऊन पाहिला, त्याला वाटलं मी काही औषध लावलंय! मग रोज दुपारी दोन वाजता आकडे लिहायचे हे त्यांनीच ठरवलं, वही त्यांनीच आणली, वहीवर कोणाचं नाव टाकायचं यावर भांडणही त्यांनीच केलं.

मग पुस्तक मागितलं. मी विश्वकोशाचे खंड काढायला गेलो तर त्या कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या घरी! संदर्भग्रंथ घरी द्यायचे नाहीत हे बरोबर आहे, पण म्हणून कपाटाला कुलूप का? किल्ली आणली, खंड टेबलावर मांडले, 'आर्द्रता' शोधायला लावलं. अकारविल्हे शोधणं त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं, आ नंतर र चा रफार कुठे येणार यावर अर्धा तास गेला, आणि तो अर्धा तास माझ्या मते उन्हाळ्यातला सगळ्यात चांगला उपक्रम होता. त्याला प्रमाणपत्र नाही, फोटो नाही, बक्षीस नाही. वाचन स्पर्धा घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण किती पानं वाचली ते मोजायला लागलं की पोरं पातळ पुस्तकं नेतात, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणतात. बरं, नियोजन.

तास नुसते वाढवू नका, सरकवा. आम्ही संध्याकाळची पाळी मे पुरती काढली, सकाळी सात ते नऊ पेपरवाले ज्येष्ठ, मग साडेदहा ते साडेपाच सलग. त्यामुळे दुपारी दुसरा माणूस लागतो, तो आम्ही अभ्यासिकेतल्या एमपीएससीच्या मुलांतून घेतला, त्यांची वर्गणी माफ. शिपायाला एकच फेरी पडते, तो खूश आहे.

कूलर. समोरची खिडकी उघडी ठेवा, ओली हवा बाहेर गेली नाही तर खोली चिकट होते आणि पुस्तकं फुगतात. कूलरच्या थेट झोतात रॅक नको, जुने बांधीव दिवाळी अंक तर अजिबात नको. गवत नवतपाच्या आधी बदला. कोरड्या गरमीनेही पुठ्ठे उकलतात, तेव्हा बाइंडिंगवाल्याला मार्चमध्येच बोलवा. टाकीचं पाणी बदलत राहा, डास होतात.

सगळ्यात महत्त्वाचं, पाहुणे पोरं. मामाच्या गावाला पुण्या-मुंबईहून आलेलं लेकरू सभासद नसतं, अनामत कोण भरणार, म्हणून आपण त्याला परत पाठवतो. आम्ही पाहुणा सभासद म्हणून वेगळं रजिस्टर केलं. मामाची सही, मामाचा फोन, एका वेळी एक पुस्तक, अनामत नाही. पुस्तकं येतात परत, आणि नाही आली तर मामा कुठे जातो! बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० ला अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन साहेबांना बोलावलं आणि लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत पाठवली, फुकट. आपण निदान दारात आलेल्या पोराला तरी देऊ.

हिशेबात हे रजिस्टर देवघेवीच्या आकड्यात वेगळं दाखवा, वार्षिक अहवाल भरताना गोंधळ होत नाही. ठराव मार्चच्या सभेत घ्या, एप्रिलमध्ये घेतला तर कूलरवाला मिळत नाही. पाहुणा कार्डाचा नमुना बाहेर टेबलावर ठेवलाय, झेरॉक्स न्या. आणि पुस्तकं परत मागायला जूनच्या पहिल्या आठवड्यातच लागा, पाहुण्यांची रिझर्व्हेशनं तेव्हाची असतात.