पहिलं वर्ष खिडकीपाशी सुरू होतं

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आणि विद्यापीठाची जबाबदारी'. जबाबदारीकडे मी येणार आहे. पण वाचनालयाच्या या सभेत समोर पालक बरेच दिसतायत. निकाल लागलेत, कुणाची मुलगी पुण्याला निघाली असेल, कुणाचा मुलगा मुंबईला, कुणी कोल्हापूरला. तेव्हा आधी त्या मुलांबद्दल बोलते.

माझं म्हणणं असं आहे, आणि ते मी जिथे बोलावतील तिथे सांगते. मी शिकवत असताना पहिल्या वर्षाची जी मुलं डोळ्यांदेखत गळाली, त्यांतली अभ्यास जमला नाही म्हणून फार थोडी गळाली. बाकीची दिवाळीच्या आधीच गेली. कुणाचा कागद अडला, कुणाला राहायला जागा मिळाली नाही, कुणाला वेळेवर कुणी काही सांगितलंच नाही. परीक्षेत नापास झालेल्याची नोंद तरी होते. हा मुलगा हजेरीपत्रकावर असतो, वर्गात नसतो, आणि जूनमध्ये त्याचं नाव नव्या यादीत येत नाही. कुणी विचारत नाही.

सरकारी विद्यापीठ मोठं असतं म्हणजे किती मोठं, ते आधी डोळ्यांसमोर आणा. आपलं पुणे विद्यापीठ घ्या, आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. 1949 साली सुरू झालं, बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरू. गणेशखिंडीतला आवार 411 एकरांचा. ती उंच मनोऱ्याची मुख्य इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांचा पावसाळी मुक्काम होता. एका माणसाला पावसाळा काढायला एवढी जागा, आणि आज आपल्या मुलाला पुण्यात मिळते एक कॉट! हसा, हसा, पण भाडं तुम्हालाच भरायचंय. पेठांमधून 'कॉट बेसिस' अशा पाट्या लागलेल्या असतात. खोली नाही, कॉट.

त्या आवारात नवा मुलगा पहिल्या दिवशी ज्याला विचारेल तो सांगतो, 'मेन बिल्डिंगच्या मागे'. विभाग कुठे? मेन बिल्डिंगच्या मागे. परीक्षा विभाग? मागेच कुठेतरी. झाडी इतकी दाट की पलीकडची इमारत दिसत नाही. माझी एक विद्यार्थिनी म्हणायची, पहिला आठवडाभर मी विद्यापीठात नव्हते मॅडम, मी मागेच होते. आठवडाभराने तिला जयकर ग्रंथालय सापडलं आणि मग तिथून बाकीचं सगळं सापडत गेलं. मुलांना मी आजही सांगते, वाट चुकलात तर जयकरला जा. तिथे बसलेल्यांत आपल्या तालुक्याचं कुणीतरी निघतंच.

अर्थात, पदवीच्या पहिल्या वर्षाची बहुतेक मुलं या आवारात येतच नाहीत. ती संलग्न महाविद्यालयांत असतात. पुणे विद्यापीठ म्हणजे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे. सुरगाण्याच्या मुलीचं गुणपत्रक ज्या विद्यापीठाचं, तिथे तिने कधी पाऊलही टाकलेलं नसतं. आणि 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण आलं. आता प्रवेशाच्या वेळीच मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओई म्हणजे दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय, व्हीएससी म्हणजे व्यवसाय-कौशल्य, एईसी म्हणजे भाषा, व्हीईसी म्हणजे मूल्यशिक्षण, असे रकाने भरायचे. कल्पना मला पटते. विज्ञानाच्या मुलाने इतिहास शिकावा, एक वर्ष करून थांबावं लागलं तरी हातात प्रमाणपत्र असावं, हे चांगलंच आहे. पण बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलीला खिडकीवर 'तुमचा ओई कोणता?' असं विचारलं, तर ती काय सांगणार? मागच्या मुलीने जे सांगितलं तेच ती सांगते. तिची सहामाही तिथे ठरून जाते.

आता एक गोष्ट सांगते. ती मी नेहमी सांगते, आणि लांब आहे. विद्यापीठाचं नाव घेणार नाही, मुलाचंही नाही.

मराठवाड्यातला मुलगा. वडील ऊसतोडीला जाणारे. दुसऱ्या विद्यापीठातून बी.ए. झाला, मग एक वर्ष गावात राहून काम केलं, आणि एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आमच्याकडे प्रवेश मिळाला. प्रवेश तात्पुरता. खिडकीवर सांगितलं, मायग्रेशन आणा, म्हणजे जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला. मायग्रेशनसाठी जुन्या विद्यापीठाला मूळ गुणपत्रक हवं, आणि ते कॉलेजात पडलेलं. हा रात्रीच्या एसटीने परत गेला. तो तिकडे असताना इकडे वसतिगृहाची यादी लागली. यादीत त्याचं नाव होतं! तीन दिवसांत पैसे भरून हजर व्हायचं होतं. यादी लागली होती फलकावर, आणि हा दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या एका खिडकीपुढे रांगेत उभा. परत आला तेव्हा त्याची जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला गेलेली. नियमाने गेली, कुणी लबाडी केली नाही. म्हणून तर मला जास्त राग येतो. लबाडी असती तर भांडता आलं असतं.

बरं, मायग्रेशन दिलं. तर म्हणाले, मधल्या वर्षाचं गॅप सर्टिफिकेट कुठाय? ते केलं. मग म्हणाले, झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही नाही. परक्या शहरात राजपत्रित अधिकारी कुठे शोधायचा? दरम्यान झोपायचं कुठे? गावच्या एका मित्राच्या वसतिगृहातल्या खोलीत, दोन कॉटच्या मधल्या फरशीवर. अशा मुलांना वसतिगृहात पॅरासाईट म्हणतात, तीही एकमेकांना हसत म्हणतात, आणि मला तो शब्द ऐकवत नाही. रात्री रेक्टरची फेरी असली की हा पुस्तक घेऊन अभ्यासिकेत जायचा. पहाटे परत. मेसचं कार्ड मित्राचं. मित्र गावी गेला की मेसला खाडा, म्हणजे याचंही जेवण बंद. पहिली अंतर्गत परीक्षा झाली तेव्हा याला पत्ताच नाही, कारण सूचना वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती आणि याला ग्रुपमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. पहिल्या आठवड्यात ग्रुप झाला, हा तेव्हा एसटीत होता.

सप्टेंबरात तो माझ्या खोलीत आला. दारातच उभा राहून म्हणाला, "मॅडम, टीसी परत मिळायला काय करावं लागतं?"

मी त्याला कॅन्टीनला घेऊन गेले. माणूस उपाशी असला की त्याच्याशी कागदाबद्दल बोलू नये. वडापाव मागवला, चहा मागवला, त्याने फाइल टेबलावर ठेवली. शेजारच्या टेबलावर आमच्याच विभागातली दुसऱ्या वर्षाची एक मुलगी डबा खात बसली होती, चंद्रपूरकडची. ती ऐकत होती. उठून आली आणि मला न विचारताच फाइल ओढून घेतली. "दादा, हे कुणी मागितलं तुला? महाराष्ट्रात 2015 पासून आपली आपण सही केली तरी झेरॉक्स चालते. आणि ही पावती वर लाव, आधी तीच बघतात. आणि उद्या अकराच्या आत जा." मग त्याचा फोन घेऊन त्याला ग्रुपमध्ये टाकला, कमवा व शिका योजनेचा अर्ज कधी सुटतो ते सांगितलं, आणि वसतिगृहाची दुसरी यादी लागते हेही सांगितलं. मला इतकी वर्षं शिकवून ते माहीत नव्हतं, प्राध्यापकाला कशाला माहीत असेल! चहा संपायच्या आत झालं हे सगळं. दुसऱ्या दिवशी कागद जमा झाले. दिवाळीनंतर त्याला जागा मिळाली. आज तो कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो.

ती मुलगी हीच माझी आजची सूचना आहे.

ग्रंथपाल चिठ्ठी पाठवतायत, दहा मिनिटं उरलीत. पण एवढं सांगू द्या. मुलाला वर्गाबरोबर राहायला जागा आणि हाताशी माणूस लागतो, हे ज्ञान आपल्याकडे नवं नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची वसतिगृहं काढली, 1908 साली अस्पृश्य म्हणवलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. महाराजांना स्वच्छ दिसलं होतं की खेड्यातल्या मुलाला शहरात वर्ग आहे पण रात्र काढायला जागा नाही. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात एका छपराखाली सगळ्या जातींची मुलं ठेवली, आणि मुलांनी काम करून शिकावं ही रीत घातली. 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेही याच पायावर. या मोठ्या माणसांनी वसतिगृहाला शिक्षणाच्या बाहेरचं काम मानलं नाही. आपण मात्र वर्ग प्राध्यापकांकडे दिला, वसतिगृह रेक्टरकडे, कागद कारकुनाकडे, आणि मुलगा कुणाकडेच नाही. नव्या सुनेला मीठ कुठल्या डब्यात आहे ते न सांगता पहिल्याच दिवशी पंगतीचा स्वयंपाक करायला लावावा, तसं हे चाललंय.

तर आता जबाबदारी. भराभर सांगते.

कमवा व शिका योजना आपल्या विद्यापीठांत आहेच. मुलं बागेत, ग्रंथालयात, कार्यालयांत काम करतात आणि तासाप्रमाणे मानधन घेतात. माझी मागणी आहे की त्यांतले काही तास दुसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रवेशाच्या खिडकीशेजारी बसायला द्या. प्रवेश सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत, टेबल टाकून. फाइल बघायची, क्रम लावून द्यायचा, ओई म्हणजे काय ते मराठीत सांगायचं. आदिवासी भागातल्या मुलांसाठी तिकडचंच कुणी बसवा, मुलींसाठी मुलगी. वेगळा निधी नको, वेगळी समिती नको. विद्यार्थी विकास मंडळ आहे, त्याने ठरवलं तर याच जूनमध्ये होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 साली 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढून नव्या मुलांचं स्वागत कसं करावं ते सांगितलंय. पुष्कळ ठिकाणी त्याची एका सभागृहातली भाषणं होतात. भाषणाने मुलाला टेबल सापडत नाही.

दुसरं, वसतिगृहाची यादी लागली की फोन करा. संदेश पाठवा. हजर व्हायच्या मुदतीत फोनवरून दिलेला होकार धरा, पैसे ऑनलाइन भरू द्या.

तिसरं, एकदा पाहिलेला मूळ कागद त्याच विद्यापीठाने पुन्हा मागू नये. डिजिलॉकरमधली गुणपत्रिका कायद्याने मूळ कागदाइतकीच खरी आहे, ती नाकारू नये.

चौथं पैशांचं आहे आणि ते सरकारकडे जातं. स्वाधार योजनेत अनुसूचित जातीच्या, सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मुलाला पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये मिळतात. चांगली योजना आहे. पण घरमालक डिपॉझिट जूनमध्ये मागतो आणि योजनेची रक्कम अर्ज, छाननी होऊन मग खात्यावर येते. पहिला हप्ता प्रवेशाच्या पावतीवरच द्या. बाकीची छाननी मागाहून करा, मुलगा कुठे पळून जात नाही. पळाला तर तो जागा नाही म्हणून पळेल.

आणि पहिल्या सहा आठवड्यांत अंतर्गत परीक्षेचे गुण धरू नका. याची कारणं सांगायला वेळ नाही, एम.ए.च्या त्या मुलावरून समजून घ्या.

पालकांनो, तुमच्यासाठी एकच. मुलगा फोनवर 'सगळं बरं चाललंय' म्हणाला तर 'झोपतोस कुठे, जेवलास कुठे' असं विचारा. टीसी हा शब्द त्याच्या तोंडून निघाला तर ओरडू नका, दुसऱ्या दिवशी गाडीत बसून तिकडे जा.

विद्यापीठं हे कधी करतील ते करोत. या तालुक्यातून गेल्या वर्षी बाहेर गेलेली मुलं आता सुट्टीत घरी आली आहेत. ग्रंथपालांशी माझं बोलणं झालंय, त्यांच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. एका बाजूला गेलेल्यांनी आपलं कॉलेज आणि फोन लिहायचा, दुसऱ्या बाजूला यंदा जाणाऱ्यांनी. रविवारी दहा वाजता दोघांनी इथेच भेटायचं, कागदांची फाइल घेऊन. मी येणार आहे. चहाची सोय वाचनालयाने केली आहे. आता प्रश्न विचारा.