बारशापर्यंतचे वजन आणि त्यानंतरचे

श्रोतेहो, नमस्कार. बाळ जन्मले की घरात पहिला प्रश्न मुलगा की मुलगी हा असतो आणि दुसरा, वजन किती भरले. आकडा अडीच किलोच्या आत आला की आजीचा चेहरा उतरतो. अडीच किलोची ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेची आहे आणि ती सोयीची आहे. पण तिच्या खाली दोन अगदी वेगळी बाळे एकत्र येतात. एक दिवस भरण्याआधी जन्मलेले, पण तेवढ्या दिवसांच्या मानाने ठीक वाढलेले. दुसरे पूर्ण दिवसांचे, पण पोटातच खुरटलेले. दोघांचेही वजन २२०० ग्रॅम असू शकते, म्हणून दिवस किती भरले होते हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही.

पाचवीच्या दिवशी वजन केले, तर ते बहुधा जन्मापेक्षा कमीच भरते. अंगातले जादा पाणी उतरते, आणि तीन किलोच्या बाळाचे दोनशे ग्रॅम कमी झाले तरी घाबरण्याचे कारण नसते. पूर्ण दिवसांच्या बाळात ही तूट साधारण बारशाच्या सुमारास भरून निघते. त्यानंतर पहिले तीन महिने रोज २५ ते ३० ग्रॅम वाढ होते; पाचव्या-सहाव्या महिन्यात वजन दुप्पट आणि वर्षाला सुमारे तिप्पट होते. आशाताई घरी येऊन बाळाला झोळीत ठेवतात, तेव्हा आधी काटा शून्यावर आहे ना हे पाहावे, अंगावरचे दुपटे काढावे आणि बाळाने पाय झाडणे थांबवेपर्यंत दम धरावा. थरथरत्या काट्यावर घाईने वाचलेला आकडा दोन-तीन दिवसांची वाढ सहज गिळून टाकतो.

लहान जन्मलेले बाळ पुढे लहानच राहील, असे मात्र नाही. गर्भाशयातली जागा आणि आईचे पोषण यांनी अडवलेली वाढ जन्मानंतर मोकळी होते, आणि अशी बहुतेक बाळे पहिल्या काही महिन्यांत भराभर वाढून दोन वर्षांपर्यंत उंचीतही इतरांना गाठतात. उलटही घडते: पावणेचार किलोचे बाळ काही महिन्यांत थोडे मंदावते, आणि दूध पुरत नाही असे समजून आई उगीच कष्टी होते.

आता बाळशाविषयी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गर्भवती मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. पूर्ण दिवसांच्या या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपल्या बाळांचे पोट आणि स्नायू बारीक होते. पाठीवर चिमटीत धरून मोजलेली चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. अशा बाळाला वरचे दूध पाजून घाईघाईने गुटगुटीत केले, तर भर बहुधा चरबीत पडते, आणि पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध द्यावे, आणि वजनासोबत लांबीही मोजून घ्यावी. त्यासाठी दोघीजणी लागतात: एकीने डोके फळीला टेकवून धरायचे, दुसरीने गुडघे सरळ करायचे. सुदृढ बालक स्पर्धांत मी आजवर काटाच पाहिला आहे, ही फळी कधी पाहिलेली नाही.