पित्ताची गोळी आणि पोटातली जखम

मंडळी, अल्सर म्हटलं की आपल्याकडे खापर फुटतं ते ठेच्यावर, नाहीतर टेन्शनवर. तिखटाने जळजळ वाढते, खरं आहे. पण जठरात किंवा त्याला लागून असलेल्या ड्युओडिनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीलाच, जखम पडते ती बहुतेक वेळा एका जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे.

जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. एवढ्या आम्लात जंतू तगेलच कसा, असं डॉक्टरही म्हणायचे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये डॉ. रॉबिन वॉरन यांना तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता, पण त्यांचे सहकारी डॉ. बॅरी मार्शल यांनी प्रयत्न करूनही प्रयोगशाळेत काही केल्या वाढेना. दोन दिवसांत काही उगवलं नाही की जंतू वाढवायच्या बशा टाकून देत. १९८२च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या पाच दिवस तशाच राहिल्या, आणि जंतू उगवला! १९८४मध्ये मार्शल यांनी तो चक्क पिऊन टाकला. उलट्या झाल्या, जठराला सूज आली. अल्सर मात्र झाला नाही, हे सांगायचं लोक विसरतात. २००५चं नोबेल दोघांना मिळालं.

हा जंतू युरियापासून अमोनिया बनवतो आणि आपल्याभोवतीचं आम्ल मारतो. आपल्याकडे तो बहुधा लहानपणीच पोटात शिरतो. बऱ्याच जणांना जन्मभर काही होत नाही.

आता गोळ्या. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणायची, आणि वर म्हणायचं, ‘डॉक्टर, जेवूनच घेतो हो!’ अहो, ती रक्तात जाऊन जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी द्रव्यं कमी करते. जेवून घेतलीत काय किंवा इंजेक्शन टोचलंत काय, धोका राहतोच. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र मनानेच बंद करू नका, आधी विचारा.

पॅन्टोप्राझोलने, म्हणजे पित्ताच्या गोळीने, आम्ल कमी होतं, जखम भरूही लागते. पण जंतू तसाच राहिला तर अल्सर पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची. त्याआधी दोन आठवडे ही गोळी आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद हवं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. जंतू सापडला तर उपचार साधारण चौदा दिवसांचा. पाचव्या दिवशी बरं वाटतं, आणि उरलेल्या गोळ्या फ्रीजवर पडून राहतात. तसं करू नका. अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतो. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. हे फारसं कुणी करत नाही.

वेदनाशामक घेणाऱ्या वयस्कर माणसाचं पोट कधीकधी दुखतच नाही. एकदम काळी, डांबरासारखी चिकट, उग्र वासाची शी होते, म्हणजे आत जखमेतून रक्त जात असतं. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण अशी चिकट नसते. शंका आली तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.