घासू नका! लंडनचं एक कोल्ट रिव्हॉल्वर

नळीच्या माथ्यावर इंग्रजीत कोरलेली ही ओळ: 'अ‍ॅड्रेस कर्नल कोल्ट, लंडन'. सॅम्युअल कोल्ट अमेरिकेतल्या हार्टफर्डचा. १८५३मध्ये त्यानं लंडनला, थेम्सकाठी पिमलिकोत कारखाना काढला. तीन-चार वर्षांतच तो बंद झाला, पण तेवढ्यात १८५१च्या 'नेव्ही' नमुन्याची सुमारे ४२ हजार रिव्हॉल्वरं तिथून बाहेर पडली. इंग्लंडमधल्या एका संग्राहकाच्या टेबलावर आहे ते त्यांतलंच एक.

आता या संग्राहकांचे हात बघा. घामातल्या मिठानं लोखंडाला गंज चढतो, म्हणून आधी हातमोजे. घोडा अर्ध्यावर ओढून सिलिंडर फिरवायचं, सहाही कप्पे रिकामे आहेत ना ते बघायचं. मग लाकडी हातोडीनं हलकेच ही पाचर, नळी सांगाड्याला धरून ठेवणारी, सरकवायची. एवढंच! एकही स्क्रू न काढता नळी पुढं सरकते आणि सिलिंडर हातात येतं.

हे रिव्हॉल्वर ठासणीचं. प्रत्येक कप्प्यात पुढून दारू घालायची, वर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या या दांडीनं ठासायची आणि मागच्या बोंडीवर, घोडा आपटला की ठिणगी देणारी तांब्याची टोपी चढवायची. कप्प्यांजवळ मुकुटाचे बारीक ठसे दिसतात. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून, बार काढून कप्पा तपासला होता, त्याची ती खूण.

नळीवर एक क्रमांक आहे. तोच सांगाड्यावर, तोच चापाभोवतीच्या कडीवर, तोच सिलिंडरवर. भाग यंत्रावर घडत, पण शेवटी कानस घेऊन एकमेकांना बसवावे लागत. जुळवलेला संच विस्कटू नये म्हणून हा क्रमांक. तो जुळला की समजावं, ही मंडळी कारखान्यातून निघाल्यापासून सोबत आहेत.

कॅमेरा आणखी जवळ नेऊ. सिलिंडरभोवती जहाजं दिसतायत? १६ मे १८४३, कॅम्पेचीची लढाई, टेक्सासचं आरमार विरुद्ध मेक्सिकोचं. हे चित्र कोरलं वॉटरमन ऑर्म्सबी यानं. बँकेच्या नोटांचे ठसे कोरणारा हा माणूस! प्रत्येक सिलिंडरवर हातानं कोरकाम नव्हतं. पोलादी रुळावर चित्र एकदा कोरायचं आणि तो रूळ सिलिंडरवर दाबून फिरवायचा. म्हणून रेघा अगदी उथळ आहेत. इथं शिडांचे दोर अजून दिसतात, आणि असं सिलिंडर मिळणं ही संग्राहकासाठी फार मोठी गोष्ट आहे.

पॉलिश कागद एकदा फिरवा, आधी हे दोर जातात. मग शिडं, मग क्रमांकाच्या कडा. बाजारात चकचकीत केलेली जुनी रिव्हॉल्वरं हवी तेवढी मिळतात, नवा निळा रंग चढवलेलीसुद्धा. आमच्या मते हा पुरावा नष्ट करण्याचाच प्रकार आहे. लोखंडावर दीडशे वर्षांत धरलेली ही तपकिरी साय राहू द्यावी. लाल, भुसभुशीत गंज तेवढा तेल लावून मऊ ब्रशनं काढावा, वर मेणाचा पातळ थर द्यावा. आणि चामड्याच्या म्यानात कधी ठेवू नये, चामडं ओलावा धरून ठेवतं.

क्राइमियाच्या युद्धासाठी ब्रिटिश सरकारनं कोल्टची हजारो रिव्हॉल्वरं घेतली. १८५७ला हिंदुस्थानात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेलाही ती होती. ब्रिटनमध्ये असं शस्त्र शोभेची वस्तू म्हणून विनापरवाना ठेवता येतं. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यात जुन्या शस्त्राला सूट आहे, पण दुरुस्ती करूनही ते चालणार नसेल तरच.

राहिली पाचर. तिच्यावरचा क्रमांक वेगळा आहे. सुटा, लहान भाग, सहज हरवणारा; कुणीतरी कधीतरी दुसरी बसवली. जुना क्रमांक घासून हवा तो ठोकून देणारे कारागीर असतात. या संग्राहकांनी ते केलेलं नाही. नोंदवहीत स्वच्छ लिहिलंय, 'पाचर मूळची नाही', आणि विकायची वेळ आली तर किंमत सांगण्याआधी ते हे सांगणार आहेत.