न बदलणारे हसू : अ‍ॅक्सोलॉटलचा ताण ओळखताना

अ‍ॅक्सोलॉटल हा पाण्यात राहणारा प्राणी हसतो आहे, असे पाहताक्षणी वाटते. त्याच्या रुंद जबड्याची रेघ दोन्ही टोकांना किंचित वर वळलेली असते आणि ती आयुष्यभर तशीच राहते. पोट भरलेले असो वा पाणी विषारी झालेले असो, त्याच्या चेहऱ्यावर काहीही उमटत नाही. म्हणून अ‍ॅक्सोलॉटल पाळणाऱ्याने या हसऱ्या तोंडावर विसंबू नये. त्याची अवस्था कळते ती कल्ल्यांवरून, शेपटीवरून, त्वचेवरून आणि पाण्यात बसण्याच्या ढबीवरून.

हा उभयचर मूळचा मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडील सोचिमिल्कोच्या कालव्यांतला. समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवरचे ते थंड, संथ पाणी हेच त्याचे घर. घरातल्या काचेच्या टाकीत काय बिघडले आहे हे समजून घेताना थंड, संथ आणि स्वच्छ या तीन शब्दांकडे पुन्हा पुन्हा परतावे लागते.

प्रथम कल्ले पाहू. डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन दांडे आणि त्यांवर पिसांसारखे तंतू असतात. निवांत बसलेल्या प्राण्याचे कल्ले मागे झुकलेले दिसतात आणि मधूनच तो ते झटकतो. ही झटक नैसर्गिक असून तिने कल्ल्यांभोवतीचे पाणी बदलते. मात्र कल्ले तासन्‌तास चेहऱ्याकडे, पुढे वळलेले राहिले आणि शेपटीचे टोकही आकड्यासारखे वळले, तर तो अस्वस्थ आहे असे समजावे. अशा वेळी आधी फिल्टरचा झोत तपासावा, कारण माशांना सहज सोसणारा प्रवाह या प्राण्याला सतत ढकलत राहतो. झोत काचेकडे वळवला किंवा त्यापुढे स्पंज लावला, तर पुष्कळदा कल्ले पुन्हा मागे झुकतात.

दुसरे कारण उष्णता, आणि महाराष्ट्रात ते सर्वांत मोठे आहे. १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमानात हा प्राणी सुखाने राहतो. २४ अंशांच्या पुढे त्याचे हाल सुरू होतात. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि शरीराची गरज मात्र वाढते. त्याला फुप्फुसेही असल्याने एखाद्या वेळी वर येऊन हवेचा घोट घेणे गैर नाही; वारंवार वर धावणे, काचेवर धडका देत सैरावैरा पोहणे आणि आवडीच्या गांडुळाकडेही पाठ फिरवणे ही मात्र धोक्याची खूण आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला तर बाष्पीभवनाने तापमान काही अंशांनी उतरते, पण कोकणच्या दमट हवेत हा उपाय तोकडा पडतो. एप्रिल-मे महिन्यांत ज्यांच्या घरी चिलर (टाकीचे पाणी थंड ठेवणारे यंत्र) किंवा रात्रंदिवस गार राहणारी खोली नसेल, त्यांनी हा प्राणी आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. टाकीत एकदम बर्फ ओतणे हाही उपाय नव्हे, कारण तापमानातली अचानक घट त्याला आणखी त्रास देते.

तिसरे कारण अमोनिया, पण तो डोळ्यांना दिसत नाही. विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून तो तयार होतो, आणि नितळ पाण्यातही तो घातक प्रमाणात असू शकतो. कल्ल्यांचे तंतू झडून दांडे बोडके दिसणे, त्वचेवर लाली चढणे, अंगावर जादा बुळबुळीत थर येणे, ही त्याची लक्षणे होत. चाचणी संचावर अमोनिया आणि त्यापासून बनणारे, तितकेच नकोसे नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. ही दोन्ही द्रव्ये संपवणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये स्थिरावायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून टाकी आधी तयार व्हावी आणि प्राणी नंतर यावा.

पोट फुगलेला, तरंगत राहणारा आणि खाली जाऊ न शकणारा अ‍ॅक्सोलॉटल दिसला, तर तळाशी खडे आहेत का ते पाहावे. घास घेताना तो समोरचे सारे आत ओढतो आणि गिळलेला खडा आतड्यात अडकतो.

शंका येताच पाणी मोजावे आणि क्लोरीन काढलेल्या थंड पाण्याच्या स्वच्छ टबात त्याला वेगळे ठेवून ते पाणी रोज बदलावे. कल्ल्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले किंवा अन्नत्याग लांबला, तर मोजमापांची नोंद घेऊन पशुवैद्यांकडे जावे; दुकानातली माशांची औषधे स्वतःच्या मनाने टाकू नयेत, कारण त्याची पातळ त्वचा पाण्यातले बरेच काही शोषून घेते. पाणी सुधारले की झडलेल्या तंतूंच्या जागी काही आठवड्यांत नवी, फिकट पिसे फुटू लागतात.