एक घोडा कमी

श्रोतेहो, नमस्कार. नशिबावर डाव लावणं म्हटलं की आपल्याला आठवतो जुगार. पण त्याच नशिबाच्या हाती स्वतःला सोडून देणं ही साधनाही होऊ शकते का?

मार्सेल द्युशाँ हा फ्रेंच कलावंत. १९२४ साली त्यानं माँटे कार्लोला रुलेट, म्हणजे फिरत्या चाकावरचा जुगार, खेळण्यासाठी चक्क रोखे काढले, ५०० फ्रँकला एक. रोख्यावर फोटो स्वतःचाच, साबणाच्या फेसानं केसांची दोन शिंगं काढलेला! २०२५ पर्यंत ऑनलाइन रमीच्या जाहिरातींत नटमंडळी सोज्वळ हसायची, त्यापेक्षा ही शिंगं प्रामाणिक.

दुसरा जॉन केज, अमेरिकन संगीतकार. अहमदाबादच्या संगीतकार गीता साराभाईंकडून त्यानं ऐकलं, की संगीत असतं ते मन शांत करून ईश्वरी स्पर्शाला जागा करून देण्यासाठी. ते त्यानं मनावर घेतलं. पुढे झेन बौद्ध विचार आला, आणि मग नाणी उडवून ‘ई चिंग’ या जुन्या चिनी शकुनग्रंथाला कौल लावणं आलं, पुढचा स्वर कोणता? नाणी जिंकण्यासाठी नव्हेत हं. आपली आवडनिवड बाजूला ठेवण्यासाठी.

५ मार्च १९६८. टोरांटोच्या रंगमंचावर हे दोघे बुद्धिबळाला बसले. पट इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या लोवेल क्रॉसनं बनवलेला. चौसष्ट घरं, प्रत्येक घराखाली उजेड ओळखणारा सुटा भाग. सोंगटी ठेवली की खाली अंधार, उचलली की उजेड. त्यावर ठरायचं, कुठला आवाज कुठल्या स्पीकरमधून येणार. आवाज पुरवायला संगीतकार डेव्हिड ट्यूडर आणि आणखी तिघे. म्हणजे पुन्हा सांगतो, चाल हेच वादन. आणि आपल्या चालीनं काय वाजेल, हे खेळणाऱ्यालाच ठाऊक नाही!

द्युशाँ पट्टीचा बुद्धिबळपटू. त्यानं एक घोडा आधीच काढून ठेवला. तरी अर्ध्याएक तासात केज गारद. मग केजसमोर बसली द्युशाँची बायको टीनी, आणि हा डाव काही संपेना. आवाज घुमतायत, लोक एकेक करून उठतायत. मैफलीतून उठणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. बसून मोबाइलवर कुजबुजणाऱ्यांपेक्षा ते परवडले. शेवटी रात्री एकच्या सुमारास, ऐंशी वर्षांचा द्युशाँ दमला तेव्हा, डाव अर्ध्यावर थांबला.

गंमत बघा, बुद्धिबळात फासे नाहीत, नाणी नाहीत. कौल लावणार कुणाला? राहिलेला डाव पुढे न्यूयॉर्कमध्ये पुरा झाला. तोही केज हरला.